‘सांगता येत नाही’चा रकाना

निवडणूक सर्व्हेचं फील्ड सांभाळते असं सांगितलं की लग्नाच्या पंगतीत, एसटीत, दवाखान्याच्या रांगेत, कुठंही पुढचा प्रश्न ठरलेला असतो : ‘मग या वेळी पैसे कुणी दिलेत?’ विचारणारा भाजपचा असला तर त्याच्या मते सगळे सर्व्हेवाले काँग्रेसचे, आणि काँग्रेसचा असला तर सगळे मोदींचे. दोघांनाही मी सांगते, की पैसे घेऊन आकडे फिरवणारे या धंद्यात आहेत. 2014 च्या लोकसभेआधी, फेब्रुवारीत, एका वृत्तवाहिनीनं छुपे कॅमेरे देऊन सर्व्हे कंपन्यांकडे माणसं पाठवली होती, तेव्हा ‘आकडा हवा तसा करून देऊ’ म्हणणारे त्यात सापडले. उमेदवारी मागणाऱ्या एका साहेबांच्या पीएनं मलाही एकदा ‘ताई, साहेबांचं नाव तेवढं दोन नंबरवर आणा, एक नंबर कुणी मागितलाय’ असं सुनावलं होतं. पण फसलेले सर्व्हे मी जवळून पाहिलेत, आणि त्यातले बहुतेक विकले गेले म्हणून फसलेले नव्हते.

आमच्याकडे घरोघर जाणारी मुलं असतात ती स्पर्धा परीक्षेची तयारी करणारी, नाहीतर समाजकार्याच्या कॉलेजातली. फॉर्ममागे पैसे मिळतात, त्यामुळे दिवसाला जितके फॉर्म तितकी कमाई. पूर्वी कागद होता, तेव्हा लॉजवर बसून फॉर्म भरणारे महाभाग होते. आता मोबाइलवर अॅप आहे, जीपीएस आहे, मुलाखतीचा आवाज आपोआप रेकॉर्ड होतो. तो ऐकायचं काम इतरांना कंटाळवाणं वाटतं, मला नाही. एकदा विदर्भातल्या एका गावाचे फॉर्म तपासायला घेतले. बारा मुलाखती, बारा नावं, वयं वेगळी, शिक्षण वेगळं, आणि प्रत्येकाच्या मागे पिठाची गिरणी चालू. मुलाला फोन लावला. खोटं बोलायची त्याला गरजच नव्हती. गावात गेला होता, माणसं खरी होती. उन्हाचं हिंडायचं कुठं, म्हणून गिरणीसमोरच्या ओट्यावर बसला आणि तिथं टेकायला आलेल्या एकेकाला पकडत गेला. बायका दळण ठेवून घरी जात होत्या, थांबत होते ते पुरुष. गिरणी गावाच्या मधोमध, म्हणून तिच्यासमोर बसणारेही मधल्या आळीतले. बौद्धवाडा गावाच्या टोकाला, पारध्यांची पालं त्याच्याही पलीकडे. जीपीएसनं साक्ष दिली की मुलगा गावात होता. तो गावाच्या टोकाला गेला नाही, हे जीपीएस कशाला सांगेल? फॉर्म रद्द केले तेव्हा तो मनापासून दुखावला. ‘मॅडम, माणसं तर खरीच आहेत ना?’

शितावरून भाताची परीक्षा करायची तर सगळी शितं एकाच पातेल्यातली असावी लागतात. महाराष्ट्रातल्या एकाच गावात तीन-चार पातेली असतात आणि त्यांच्या चुलीही वेगळ्या असतात.

म्हणून नीट काम करायचं तर मतदार यादी घ्यायची, तिच्यातून ठरावीक अंतरानं नावं उचलायची आणि त्याच माणसाला गाठायचं. दिल्लीच्या सीएसडीएस संस्थेचा लोकनीती विभाग वर्षानुवर्षं असंच करत आलाय. कागदावर ही पद्धत सुंदर दिसते. बीडमध्ये दिवाळीनंतर यादी घेऊन फिरा म्हणजे कळेल. ज्याचं नाव निघालं तो उसाच्या फडावर, घराला कुलूप. मग बदली नाव. बदली नाव घरात सापडतं, कारण त्याला फडावर जावं लागत नाही. म्हणजे कुलूप लागलेल्या घराचं मत कुलूप न लागलेल्या घराच्या तोंडून बाहेर पडतं. एकदा झालं तर चालतं. तालुकाभर झालं तर तो दुसऱ्याच तालुक्याचा सर्व्हे होतो.

आता दार उघडं आहे आणि माणूसही समोर आहे असं समजा.

मराठवाड्यातल्या एका गावात सरपंचाचा माणूस आमच्या पोरांबरोबर फिरत होता. मदत म्हणून. पाणी विचारत होता, घरं दाखवत होता. त्याला ‘येऊ नका’ म्हणायची सोय नव्हती. दलित वस्तीत ओळीनं सात-आठ घरांनी सरपंचाच्या पक्षाचं नाव घेतलं. तोंडी विचारलं तेव्हा. आमच्याकडे त्या वेळी चिठ्ठीपेटीही होती : पक्षांची चिन्हं छापलेला कागद द्यायचा, आपण पाठ फिरवायची, समोरच्यानं खूण करून घडी घालून पेटीत टाकायची. एका मावशींनी पेटी दोन्ही बाजूंनी निरखली, कुलूप हलवून बघितलं आणि विचारलं, ‘ही कुठं उघडतात? तहसीलला?’ पुण्याला, म्हटल्यावर त्यांनी खूण केली. त्या वस्तीतल्या चिठ्ठ्या आणि तोंडी उत्तरं यांचा मेळ बसला नाही. सरपंचाच्या पक्षाचं नाव मी लिहीत नाही, कारण पुढच्याच तालुक्यात तोच प्रकार विरोधी पक्षाच्या गावात दिसला. तिथं गप्प होती ती ओबीसी घरं आणि बरोबर फिरणारा माणूस होता दुसऱ्या झेंड्याचा.

मला फील्डवर दिसलेलं आहे ते एवढंच. लोक खोटं बोलतात म्हणून सर्व्हे चुकत असते तर दोन्ही बाजूंचं खोटं एकमेकांना छेदून गेलं असतं. पण भीती, भीड, कंटाळा या गोष्टी पक्षापक्षांत सारख्या वाटलेल्या नसतात. ज्या आळीत ज्याची हवा, त्याचा मतदार मोठ्यानं बोलतो आणि दुसऱ्याचा म्हणतो, ‘बघू, अजून टाइम आहे.’ फॉर्मवर त्याच्यासाठी शेवटचा रकाना असतो : ‘सांगता येत नाही.’

मालेगावचं उदाहरण यासाठी मी नव्या मुलांना ट्रेनिंगमध्येच देते. 2024 च्या लोकसभेला धुळ्यात काँग्रेसच्या शोभा बच्छाव यांनी भाजपच्या सुभाष भामरे यांना 3,831 मतांनी हरवलं. धुळे लोकसभेत विधानसभेचे सहा मतदारसंघ. पाचांत भामरे पुढे. सहावा मालेगाव मध्य. तिथं बच्छाव यांना जवळपास दोन लाख मतं आणि भामरे यांना पाच हजारही नाहीत. आता यात आमचा मुलगा घाला. त्याला मालेगाव मध्यला जायला सांगितलं की कुरकुर सुरू : ‘मॅडम, तिथं उर्दू लागतं’, ‘मॅडम, तिथं दार उघडत नाहीत’. दुसरं खरं आहे. नागरिकत्वाच्या वादानंतर अनोळखी माणूस यादी घेऊन दारात आला की पहिला प्रश्न येतो, ‘कागज देखने आए हो क्या?’ नावच सांगत नाहीत तर मत कुठून सांगणार. मग मुलगा संध्याकाळपर्यंत फॉर्मचा कोटा भरायचा म्हणून कॅम्प भागात येतो. गाव तेच, मालेगाव. विधानसभा वेगळी, मालेगाव बाह्य. मालेगाव मध्य नीट न आलेल्या कुठल्याही सर्व्हेत धुळे भाजपचंच दिसणार, आणि त्यात कुणाचा एक पैसाही लागत नाही.

हे वाचून कुणी म्हणेल, म्हणजे सर्व्हेत नेहमी भाजपचं पारडं जड. मुंबईत या. चाळीचं दार दिवसभर उघडं असतं, झोपडपट्टीत बाया स्वतःहून विचारतात कशाचं चाललंय. टॉवरच्या खाली वॉचमन. ‘सेक्रेटरीची चिठ्ठी आणा.’ सेक्रेटरी ऑफिसात, इंटरकॉमवर मॅडम म्हणतात ‘वी आर नॉट इंटरेस्टेड’. कांदिवली-बोरिवलीच्या गुजराती-मारवाडी सोसायट्यांतून पुरे फॉर्म आणणारा मुलगा मला अजून भेटायचाय. तिथली गठ्ठा मतं कुणाची, हे शेंबडं पोरही सांगेल. ती आमच्या फॉर्मात येत नाहीत.

फोनवरच्या सर्व्हेबद्दल काय बोलावं. अनोळखी नंबर कर्जवाल्याचा, नाहीतर फसवणुकीचा, असं समजून लोक उचलत नाहीत. उचलणारा माणूस एक तर रिकामा असतो, नाहीतर राजकारणाचा शौकीन.

फॉर्म ऑफिसात पोचले की रात्री ‘वेट लावणं’ सुरू होतं. कच्च्या आकड्यांत पुरुष दोन तृतीयांश निघतात, शहरी जास्त, शिकलेले जास्त. मग जनगणना आणि मतदार यादी बघून तराजू सारखा करायचा : बाईचं एक उत्तर दीडपट मोजायचं, पदवीधराचं अर्धं. शास्त्र म्हणून ते बरोबरच आहे. पण माझं नेहमी भांडण होतं ते इथं. आमच्या मुलाशी दारात उभं राहून बोलणारी बाई कोण असते? अंगणवाडी सेविका, बचत गटाची अध्यक्ष, नाहीतर कॉलेजात शिकलेली सून. तिचं मत दीडपट केलं की आकडेवारीतली बायकांची संख्या जुळते. चुलीपाशी बसलेली जी बाई ‘त्यांनाच विचारा’ म्हणून आत गेली, तिच्या वतीनं आता अध्यक्षबाई बोलतात. ‘सांगता येत नाही’च्या रकान्याचंही तसंच होतं. टीव्हीवर तो रकाना दाखवायचा नसतो, मग त्यातली माणसं उरलेल्यांत त्याच प्रमाणात वाटून टाकतात. म्हणजे गप्प बसलेला मतदार बोलणाऱ्यासारखंच मत देणार, असं धरून चालायचं. तो गप्प का बसला, हे विचारायचं नाही.

तपासायचा एक जुना उपाय होता : ‘मागच्या वेळी मत कुणाला दिलंत?’ उत्तरं खऱ्या निकालाशी ताडून बघायची. जिंकलेल्याला दिलं असं सांगणारे नेहमी जास्त निघतात, तेवढी कसर काढायची. महाराष्ट्रात हा उपायही 2024 ला लंगडा झाला. 2019 च्या विधानसभेला शिवसेनेला 16.4 टक्के आणि राष्ट्रवादीला 16.7 टक्के मतं होती. त्यानंतर 2022 मध्ये सेना फुटली, 2023 मध्ये राष्ट्रवादी. धनुष्यबाण शिंद्यांकडे, घड्याळ अजितदादांकडे, उरलेल्यांच्या हातात नव्या मशाली नि तुताऱ्या. सोलापूरकडच्या एका आजोबांना विचारलं, मागच्या वेळी कुणाला? ‘शिवसेनेला.’ आणि आता? ‘शिवसेनेलाच की.’ कुठल्या? आजोबा आमच्या मुलाकडे बघत राहिले, जसा काही तोच पक्ष फोडून आला होता. त्या 16 टक्क्यांतली किती इकडे नि किती तिकडे ताडायची, याचं उत्तर कुठल्याही ऑफिसात नव्हतं. सगळे अंदाजानं वाटत होते.

चिन्हांचा घोळ आमच्या कार्डावर मावणाराच नव्हता. लोकसभेला साताऱ्यात उदयनराजे शरद पवारांच्या तुतारीविरुद्ध 32,771 मतांनी निवडून आले, आणि पिपाणी चिन्हाच्या अपक्षानं तिथं 37 हजारांवर मतं घेतली. पिपाणीचं नावही यादीत ‘तुतारी’ असंच छापलं होतं, ही पवारांच्या पक्षाची तक्रार होती. आमच्या कार्डावर चार-पाच मोठी चिन्हं नि खाली ‘अपक्ष/इतर’. मतदारानं आम्हाला अगदी खरं सांगितलं की मी तुतारीला दिलं. त्याच्या समजुतीप्रमाणे त्यानं तुतारीलाच दिलं होतं.

त्या लोकसभेला राज्यात महाविकास आघाडीला 30 जागा आणि महायुतीला 17. मतांमध्ये मात्र दोघांत अर्ध्या टक्क्याचंही अंतर नव्हतं. मुंबई वायव्यमध्ये रवींद्र वायकर 48 मतांनी आले. अठ्ठेचाळीस! एका इमारतीतली लिफ्ट बंद पडली असती तरी निकाल फिरला असता. तरीही वाहिनीचं म्हणणं असतं, ‘रेंज नको, जागा सांगा.’ टक्के सांगणं हे आमचं काम आहे, टक्क्यांवरून जागा सांगणं ही बरीचशी भविष्यवाणी. पण पडद्यावर नकाशा रंगवायला जागाच लागतात.

आणखी एक गोष्ट बाहेर फारशी माहीत नसते. एक्झिट पोल शेवटच्या टप्प्याचं मतदान संपून अर्धा तास झाल्याशिवाय दाखवता येत नाही. लोकप्रतिनिधित्व कायद्यातलं कलम 126 अ, मोडलं तर दोन वर्षांपर्यंत कैद. या बंधनामुळे सगळ्यांचे आकडे एकाच संध्याकाळी बाहेर पडायचे असतात, आणि आदल्या दोन-तीन रात्री फोन खणखणत असतात : ‘तुमचं किती आलं?’ ज्याचं वेगळं आलंय त्याच्या पोटात गोळा. एकटा चुकलो तर दुकान बंद, सगळ्यांबरोबर चुकलो तर ‘लाट ओळखता आली नाही’ म्हणून सुटका. मग आकडा हळूच गर्दीकडे सरकवला जातो. 1 जून 2024 च्या संध्याकाळी देशातले जवळजवळ सगळे सर्व्हे एनडीएला साडेतीनशेच्या पुढे घेऊन बसले होते. निकाल 293. अॅक्सिस माय इंडियाच्या प्रदीप गुप्तांनी 361 ते 401 दिले होते, ते 4 जूनला थेट प्रक्षेपणात रडले. त्यांच्यावर विनोद झाले. मला त्यांच्याबद्दल बरं वाटलं. विकला गेलेला माणूस निकालाच्या दिवशी स्टुडिओत येऊन बसत नाही.

लोकसभेनंतर सगळे शहाणे झाले. आता विरोधकांचा मतदार गप्प असतो, हा धडा पाठ झाला. आणि नोव्हेंबरात विधानसभा आली.

त्या वेळी मी नाशिक जिल्ह्यात कांद्याच्या पट्ट्यात होते. एका घरात यादीतून नाव निघालं होतं ते घरधनिणीचं. नवरा ओट्यावर बसून निर्यातबंदीवर बोलत होता, डिसेंबर 2023 पासूनचा हिशेब तोंडपाठ. सरकारला शिव्या. सासूबाई आत धान्य निवडत बसलेल्या, पण कान बाहेर. मी वहिनींना विचारलं, लाडक्या बहिणीचे पंधराशे मिळतात का? ‘मिळतात. पहिल्यांदा तीन हजार आले एकदम, राखीच्या आधी.’ मत कुणाला? त्यांनी नवऱ्याकडे बघितलं. ‘अजून ठरवलं नाही.’ मी शेवटच्या रकान्यावर बोट टेकवलं, फॉर्म गेला. गाडीपर्यंत त्या सोडायला आल्या, हातात वाटीभर शेंगदाणे. म्हणाल्या, ‘आमचं घर दोन पक्षांचं झालंय, ताई. त्यांना काही बोलू नका.’ पाठवलेला फॉर्म बदलता येत नाही, आणि बदलला तर त्याला सर्व्हे म्हणायचं नाही. रात्री ऑफिसात त्या वहिनींना त्यांच्या नवऱ्यासारख्या बोलक्यांच्या प्रमाणात वाटून टाकलं असणार.

निकाल लागला : भाजप 132, शिंदेंची सेना 57, अजितदादांची राष्ट्रवादी 41. म्हणजे 230, आणि समोरच्या तीन पक्षांचे मिळून 46. बहुतेक सर्व्हेंनी महायुतीला बहुमत दिलं होतं खरं, पण 230 कुणाच्याच पडद्यावर नव्हते. सगळं श्रेय पंधराशे रुपयांना द्यायला मी तयार नाही. कारणं अनेक असतील. पण सहा महिन्यांच्या आत, त्याच राज्यात, जवळपास त्याच पद्धतीनं आधी एका बाजूचा मतदार कमी मोजला गेला आणि मग दुसऱ्या बाजूचा. दोन्ही वेळा कुणी ना कुणी ‘सर्व्हे मॅनेज’ म्हटलं, आणि दोन्ही वेळा जिंकलेल्यांनी सर्व्हेची खिल्ली उडवली.

त्यानंतर एका वाहिनीच्या बैठकीत मी नवा प्रस्ताव ठेवला. निम्म्या मुली पाठवायच्या, बाईची मुलाखत बाईनं घ्यायची, जमेल तिथं चुलीपाशी बसून. कुलूप असेल तिथं तीन फेऱ्या. मालेगाव, भिवंडी, मुंब्र्यात तिथलीच मुलं. चिठ्ठीपेटी परत आणायची. ‘सांगता येत नाही’चा आकडा जसा असेल तसा पडद्यावर दाखवायचा. समोरच्या साहेबांनी कॅलक्युलेटर काढला. ‘ताई, फॉर्ममागचा दर जवळपास डबल होतोय. त्या पैशात मला सँपल डबल मिळतं. एक लाख लोकांशी बोललो म्हटलं की लोकांचा विश्वास बसतो.’

मी त्यांना 1936 च्या अमेरिकेतल्या अध्यक्षपदाच्या निवडणुकीची गोष्ट सांगितली. लिटररी डायजेस्ट नावाच्या नियतकालिकानं फोन आणि मोटारी असणाऱ्यांच्या याद्या जमवून एक कोटीच्या आसपास कार्डं पाठवली. परत आली जवळजवळ 24 लाख. मंदीचा काळ, फोन नि मोटार असणारी मंडळी सुस्थितीतली, आणि त्यातही कार्ड परत पाठवायची तसदी घेतली ती रूझवेल्टवर चिडलेल्यांनी जास्त. नियतकालिकानं रूझवेल्टचे प्रतिस्पर्धी लँडन यांना 57 टक्के मतं दिली. प्रत्यक्षात रूझवेल्टनी 48 पैकी 46 राज्यं जिंकली, आणि दोन वर्षांत ते नियतकालिक बंद पडलं. 24 लाख माणसांचं सँपल, तरी उपयोग शून्य.

साहेबांनी गोष्ट अगदी मन लावून ऐकली. मग कॅलक्युलेटर परत जवळ ओढला.

‘चोवीस लाख? त्या काळात? कार्डामागे काय दर पडला असेल हो त्यांना?’